पाल्याचा धाक

शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून असेल, पण मधुमेहावर झाडपाला सांगणाऱ्यांची मी मनसोक्त टिंगल करत आले. दिल्लीत अशी माणसं शोधावी लागत नाहीत. सकाळी बागांच्या फाटकाबाहेर कारलं-जांभळाचा रस विकणारे उभे असतात, खारी बावलीत गुडमारची सुकी पानं मिळतात आणि नोएडातल्या आमच्या सोसायटीत कितीतरी बाल्कन्यांत ‘इन्सुलिन प्लांट’ची कुंडी आहे. मला साखर निघाल्याचं कळताच शेजारच्या आंटीजी त्याची फांदी घेऊन आल्या. “रोज एक पत्ता, भाभीजी. नुकसान तो कुछ है नहीं.” इन्सुलिन हे प्रथिन, ते त्या पानात नसतं आणि असतं तरी पोटात पचून गेलं असतं, हे मी त्यांना ऐकवलंच. पण नुकसान नाही, एवढं मलाही मान्य होतं. पाला म्हणजे निरुपद्रवी खूळ, असं माझं ठाम मत. ते आता राहिलेलं नाही.

पहिला धक्का मला माझ्याच गोळीने दिला. मेटफॉर्मिनचं मूळ शोधायला गेले तर ते निघालं गलेगा नावाच्या युरोपातल्या एका रानझाडात. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवतं. 1920च्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहिलं गेलं आणि विषारी म्हणून सोडून दिलं. हे झाड खाऊन मेंढ्या दगावतात. गॅलेजिनच्या नात्यातलंच मेटफॉर्मिन 1922 साली डब्लिनच्या प्रयोगशाळेत तयार झालं. पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरून 1957 साली निष्कर्ष छापले, आणि अमेरिकेने त्याला परवानगी दिली ती थेट 1994 साली. म्हणजे आंटीजींना हसत हसत मी सकाळ-संध्याकाळ एका पाल्याचाच वंशज गिळत होते!

मग गुडमारचं पान मिळवलं. चावलं आणि वर चिमूटभर साखर टाकली, तर तोंडात वाळू आल्यासारखं झालं. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोडाची जाणीव घेणाऱ्या जागाच अडवून बसतात. अर्ध्या-पाऊण तासाने चव परत येते. जिभेवरची ही गंमत रक्तातल्या साखरेचा पुरावा होत नाही, हे विद्यार्थ्यांना मीच सांगितलं असतं. पण 1990 साली मद्रासच्या संशोधकांनी बावीस रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर गुडमारच्या पानांचा 400 मिलिग्रॅम अर्क दीड वर्षाहून अधिक काळ रोज दिला होता. त्यातल्या पाच जणांच्या गोळ्या सुटल्या, ते नुसत्या अर्कावर राहिले. अभ्यास लहान, खोट्या गोळीशी तुलनाही नाही, त्यामुळे त्यावर कुणी औषध सोडू नये. मला मात्र त्यात दुसरंच दिसलं. जे पान गोळी कमी करायला लावू शकतं, ते गोळीच्या जोडीने घेतलं तर साखर वाजवीपेक्षा खालीही नेऊ शकतं.

आमच्या फिरायच्या गटातले एक गृहस्थ ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतात. वर कारल्याचा रस, वर गुडमारचं चूर्ण. एका सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली होती. चूर्णामुळेच उतरली, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण चूर्णाचं त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. का, तर ते औषध थोडंच आहे!

बाटलीत भरल्याने हा घोळ मिटत नाही. 2015 साली बाजारात आलेली बीजीआर-34 ही गोळी लखनौच्या दोन सरकारी प्रयोगशाळांनी तयार केलेली. तिच्यात दारुहळद, गुळवेल, विजयसार, गुडमार, मंजिष्ठ आणि मेथी अशा सहा वनस्पती आहेत. साखर उतरली तर कोणामुळे आणि त्रास झाला तर कोणामुळे, हे घेणाऱ्याने कसं ओळखायचं? मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना तर 1954च्या कायद्यानेच बंदी आहे. तरीही 2024 साली सर्वोच्च न्यायालयाला अशा रोगमुक्तीच्या जाहिराती करणाऱ्यांचे कान उपटावे लागले.

पूर्वी पाल्यात काही नाही म्हणून मी तो खात नव्हते. आता त्यात काहीतरी आहे, आणि किती आहे हे पानावर लिहिलेलं नसतं, म्हणून खात नाही. तुम्ही खात असाल तर खा, मी हसणार नाही. फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांना गोळ्यांची नावं सांगाल तेव्हा रस, चूर्ण, कुंडीतलं पान, सगळं सांगा. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती होण्याआधीच सांगा, कारण तेव्हा साखर अशी अचानक उतरणं परवडणारं नसतं.