शिकी-शिकी : एका काटेरी नांवाचे अर्थ

अमरकोशांत नानार्थवर्ग म्हणून एक भाग आहे. एकेका शब्दाचे अनेक अर्थ त्यांत दिलेले आहेत. ब्राझील देशाच्या ईशान्य भागांत प्रवास करीत असतां आम्हांस त्या वर्गाची वारंवार आठवण झाली. तेथील पोर्तुगीज भाषेंत 'शिकी-शिकी' असा एक शब्द आहे. तो एका काटेरी निवडुंगाचें नांव, एका गांवाचें नांव आणि शिवाय खुळखुळ्याचेंही नांव आहे!

त्या कोरड्या मुलखांतील खुरट्या रानास 'काटिंगा' म्हणतात. मूळ तुपी भाषेंत याचा अर्थ 'पांढरें रान' असा होतो. पाऊस सरला कीं पानें झडून उघड्या फांद्या पांढुरक्या दिसूं लागतात, म्हणून हें नांव. अशा खडकाळ भूमींत शिकी-शिकी देवळांतील दीपवृक्षाप्रमाणें फांद्या पसरून उभा असतो. त्याचीं पांढरीं फुलें रात्रीं उमलतात व वटवाघळें त्यांतील मध चाखावयास येतात.

बाहिया प्रांतांत साओ फ्रान्सिस्को नदीच्या कांठीं जें शिकी-शिकी गांव आहे, त्यास या निवडुंगावरूनच नांव मिळालें. खुळखुळ्याचा अर्थ तर कानांसच कळतो. वाळलेल्या शेंगांत बीं वाजणारें, तागाच्या वर्गांतील एक झुडूपही तेथें याच नांवानें ओळखतात. आणि मौज अशी कीं, त्या वर्गांतील झुडपांस आपल्याकडेही 'खुळखुळा' असेंच म्हणतात.

परंतु या नांवाचा खरा अर्थ कळतो तो अवर्षणांत. चारा संपला म्हणजे शेतकरी या निवडुंगाचे काटे जाळून तो गुरांपुढें टाकतात. प्रसंगीं माणसांनींही त्याच्या गरावर दिवस काढले आहेत. 1877 ते 1879 या काळांत तेथें महादुष्काळ पडून लाखों माणसें दगावलीं. 1876 ते 1878 चा आपल्या दख्खनचा दुष्काळ वाचकांच्या घरींही ऐकिवांत असेल. प्रशांत महासागराचें पाणी तापून ऋतुचक्र बिघडलें, हें या दोन्ही आपत्तींमागील एक समान कारण होय, असें हवामानशास्त्रज्ञ मानतात.

2020 सालीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या निवडुंगाची स्वतंत्र प्रजाति ठरविली व तिला 'शिकीशिकी' हेंच नांव दिलें. पंडितांनीं गुराख्याच्या तोंडचा शब्द आदरानें ग्रंथांत घेतला, हें आम्हांस फार योग्य वाटतें. ज्या नांवानें भुकेल्या लोकांनीं त्यास रानांत शोधलें, त्याच नांवानें आतां जग त्यास ओळखील.