हुरड्याचें तिकीट

पौष लागून ज्वारीच्या कणसांत दाणा भरला, कीं सेलूच्या आसपास शेतोशेतीं आगट्या पेटूं लागत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसें भाजावीं, गरम असतांनाच तीं तळहातावर चोळावीं आणि मोकळे झालेले हिरवे दाणे तिळाच्या चटणीबरोबर खावे, हा आमच्या लहानपणचा केवढा सोहळा! त्यास आमंत्रण लागत नसे. वाटेनें जाणाऱ्यासही हाक पडे.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही मुलांना घेऊन अशाच एका शेतावर गेलों. परंतु तिकीट काढून. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून जाहीर केलें होतें. मग हुरड्यास मोल आलें, तर त्यांत नवल तें काय? शेतकऱ्याच्या पदरीं चार पैसे पडतात, हें आम्हांस मनापासून आवडलें. हुरडाही पूर्वीइतकाच गोड होता.

उठतां उठतां आगटीजवळच्या म्हाताऱ्यानें आणखी एक मूठ पुढें केली. आमच्या धाकट्यानें हळूच विचारलें, "बाबा, याचे निराळे पैसे पडतील का?"

म्हातारा हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण तोच प्रश्न आमच्याही मनांत नुकताच येऊन गेला होता.