सातव्या महिन्याआधी

“घरकाम केलं तर चालेल ना?” गरोदर बाई पहिल्याच तपासणीत हा प्रश्न विचारते, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर घरात आधीच ठरलेलं असतं. सासूबाई म्हणतात, काम करत राहिलं की बाळंतपण सुलभ होतं. आई म्हणते, आता काही उचलायचं नाही, पडून राहायचं. दोघी मायेनेच बोलतात. माझी तक्रार एवढीच की दोघींनी घरकाम ही एकच वस्तू धरलेली असते. भाजी निवडणं हेही घरकाम आणि विहिरीवरून पाणी आणणं हेही घरकामच, पण शरीराच्या हिशेबात या दोन कामांचा एकमेकांशी काहीएक संबंध नाही. नेरळमध्ये हा फरक एका गावातच पाहायला मिळतो. स्टेशनच्या आजूबाजूला उभ्या राहिलेल्या इमारतींत गॅस आहे, मिक्सर आहे, कपड्यांचं मशीन आहे, आणि घरातली सून डबा भरून सकाळची लोकल पकडते. मुंबई गाठायला दोन तासांच्या आसपास लागतात, परत यायला तेवढेच, त्यातला बराच वेळ उभ्यानं. माथेरानच्या पायथ्याशी, जुम्मापट्टीच्या बाजूच्या वाड्यांमध्ये, ठाकूर किंवा कातकरी बाईच्या घरकामात मोळी येते, चूल येते आणि उन्हाळ्यात मैलभराचं पाणी येतं. या दोघींना एकच सल्ला दिला, तर तो निदान एकीच्या तरी कामाचा नसतो.

मला म्हणायचं आहे ते असं. बहुतेक घरकाम गरोदरपणात करायला हरकत नाही. मोजकीच कामं तिच्याकडून काढून घ्यायला हवीत, आणि ती दिवस राहिल्याचं कळलं त्या आठवड्यापासून, सातव्या महिन्याची वाट न पाहता. यातला पहिला भाग सगळ्यांना पटतो. अडतं ते शेवटच्या भागापाशी, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

आधी वजन. स्टीलचा 15 लिटरचा हंडा भरला की पाण्यासकट 16 किलोच्या पुढे जातो. गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅसच 14.2 किलो असतो, टाकीचं वजन धरलं तर 30 किलोच्या आसपास. धुतलेल्या ओल्या चादरींची बादली कुणी कधी काट्यावर ठेवत नाही, पण तीही सहज दहा-बारा किलोंची भरते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2013 मध्ये गरोदर कामगार स्त्रियांसाठी वजनाच्या मर्यादा सुचवल्या. कधीतरीच उचलायचं असेल तर पहिल्या वीस आठवड्यांत साधारण 16 किलो, त्यानंतर 12 किलो. दिवसभर पुन्हा पुन्हा उचलायचं असेल तर याच्या निम्मं. ही मर्यादासुद्धा वजन अंगाजवळ धरून, कमरेच्या आसपासच्या उंचीवर उचलण्यासाठी आहे. नडगीच्या खालून किंवा डोक्याच्या वर काही उचलूच नये, असं त्यात म्हटलं आहे. आता हंडा कसा उचलला जातो ते पाहा. तो जमिनीवर असतो, बाई कमरेत वाकून त्याला हात घालते, गुडघ्याचा टेकू देऊन वर घेते आणि चुंबळीवर चढवते. जमिनीपासून डोक्यापर्यंत, म्हणजे जे दोन टप्पे टाळायला सांगितले आहेत ते दोन्ही त्या एका उचलण्यात येतात. शिवाय या मर्यादा ठरवताना डोळ्यांसमोर असलेली बाई आपल्या वाडीतली नव्हती. पुण्याजवळच्या सहा गावांत झालेल्या पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीत गरोदरपणाआधीचं सरासरी वजन 42 किलोंच्या आसपास भरलं होतं. त्या अंगावर 16 किलो म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाच भागांतले जवळजवळ दोन भाग.

खेपांचा हिशेबही करून पाहावा. जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाण्याचं माप धरलं आहे. पाच माणसांच्या घराला ते 275 लिटर होतं, म्हणजे 18 हंडे. एवढं पाणी डोक्यावरून कुणी आणत नाही, एक तृतीयांशावर भागवतात, तरी सहा खेपा होतात. माथेरानवर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच डोंगराखालच्या वाड्यांमध्ये मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, कारण खाली काळा कातळ आहे आणि पडलेलं पाणी उल्हास नदीच्या वाटेने निघून जातं. गरोदर बाईच्या कमरेची गोष्ट अशी भूगर्भापर्यंत जाऊन पोचते.

आता वेळेचा मुद्दा. पुण्याच्या याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव, केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 800 गरोदर स्त्रियांच्या कामाचा तपशील घेतला. त्यात घरातलं काम होतं तसं शेतातलंही होतं. नोंदी साधारण अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात घेतल्या होत्या. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की कष्ट जितके जास्त, तितकं बाळाचं वजन, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर कमी; आणि हा संबंध गरोदरपणाच्या मध्यावर दिसला तसाच सुरुवातीच्या नोंदींतही दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. जी जास्त राबते तीच कमी जेवते, मग दोष कष्टाचा की भुकेचा, असं कुणीही विचारावं आणि ते रास्त आहे. संशोधकांनी आईचं आधीचं वजन हिशेबात धरलं होतं, तरीही दोन्ही गोष्टी पूर्णपणे वेगळ्या काढता येत नाहीत. पण व्यवहारात त्या वेगळ्या काढायची गरजही पडत नाही. जेवण वाढवणं आणि कष्ट कमी करणं या एकाच हिशेबाच्या जमा आणि खर्चाच्या बाजू आहेत, आणि जिथे जमा पटकन वाढत नाही तिथे खर्च तरी कमी करता येतो.

पहिल्या तीन महिन्यांत तर जमेची बाजू हमखास घसरते. उलट्या, मळमळ, अन्नाचा वास नकोसा. याच काळात वार तयार होत असते आणि हृदयाचं काम वाढायला लागलेलं असतं. बाळंतपणाच्या जवळ येईपर्यंत अंगातलं रक्त चाळीस टक्क्यांहून जास्त वाढायचं असतं. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. त्यात तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी आपल्याकडे रीत. दृष्ट लागू नये म्हणून पाळलेल्या या गुप्ततेमुळे जिला सर्वांत जास्त मदत हवी तिला ती मागताच येत नाही. मग सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, हिरवी साडी येते, माहेरी पाठवणी होते, आणि तिच्या हातातला हंडा सुटतो. कायदाही फार वेगळा नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गरोदर कामगार स्त्रीने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये असं कलम आणलं, पण त्याची मुदत सुरू होते बाळंतपणाच्या साधारण दहा आठवडे आधी, म्हणजे पुन्हा सातव्या महिन्याच्या शेवटी. रूढी आणि कायदा दोघेही पोटाचा घेर पाहून जागे होतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमच्या आज्या शेतात लावणी करताकरता बाळंत झाल्या, त्यांना काय झालं? ज्यांना काही झालं त्या हे सांगायला उरल्या नाहीत, हे खरं उत्तर आहे. फार मागेही जायला नको. 2001 ते 2003 या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या, 2018 ते 2020 मध्ये 33. ही घट तपासण्या, रुग्णालयातली बाळंतपणं, रक्ताची सोय यांमुळे झाली. हंडे कमी झाल्यामुळे झाली असा माझा दावा नाही. पण आजीच्या काळातलं बाळंतपण सुखरूप होतं, ही समजूत तरी त्यावरून सोडून द्यावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डॉक्टरच व्यायाम करा म्हणतात, मग घरकाम हाच व्यायाम का नको? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार कोणतीही अडचण नसलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्याला 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि घरातली कामंही त्यात धरता येतात. नियमित व्यायामाने गरोदरपणातला मधुमेह टळायला मदत होते, हेही चाचण्यांमधून दिसलं आहे. हे सगळं मला मान्य आहे. मध्यम श्रम म्हणजे काम करताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागणं. लादी पुसणं, केर काढणं, पोळ्या लाटणं यात बसतं. चढावरून भरलेला हंडा आणणं बसत नाही. वाडीतल्या बाईचा आठवड्याचा कोटा तर दोन दिवसांतच संपलेला असतो. उकिडवं बसून फरशी पुसली की नॉर्मल होते, हा सल्ला मात्र इमारतीतल्या सुनेला हमखास मिळतो आणि त्यामागे मला भरवशाचा पुरावा सापडलेला नाही. गुडघे दुखत नसतील आणि जमीन कोरडी असेल तर उकिडवं बसायला हरकत नाही. त्यावरून सिझेरियन टळेल अशी हमी कुणी देऊ नये.

उलट्या टोकाचा सल्ला, सक्तीची विश्रांती, तितकाच निराधार आहे. अंथरुणाला खिळून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही; पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो आणि स्नायू ढिले पडतात. वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, रक्तदाब चढलेला असेल, हृदयाचा आजार असेल किंवा हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर हिशेब बदलतो आणि तो तपासणाऱ्या डॉक्टरनेच मांडायचा असतो. कामाच्या मधे रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट ठरावीक अंतराने दुखू लागलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर हातातलं काम तिथेच टाकून निघावं. भांडी नंतर घासता येतात.

उरलेल्या कामांत प्रश्न असतो पद्धतीचा. ओट्यापाशी सलग उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते, म्हणून एक पाय आळीपाळीने छोट्या पाटावर ठेवावा, चिरणं-निवडणं बसून करावं. लोकलमध्ये उभ्यानं आलेल्या बाईने लगेच ओट्यापाशी उभं राहू नये. तिच्या दिवसाच्या हिशेबात तो प्रवासही धरायला हवा, घरचे तो नेमका विसरतात. बादली अर्धीच भरावी. पोट पुढे येतं तसा तोल बदलतो, सांधे सैल झालेले असतात, आणि परदेशी पाहण्यांत गरोदरपणी चारातली एक बाई कधी ना कधी पडल्याचं दिसतं. नेरळच्या पावसात मोरीच्या शहाबादी लादीवर आणि अंगणातल्या दगडावर चार महिने शेवाळ असतं, तेव्हा ते खरवडणं हे घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर किंवा स्टुलावर चढणं तिने करू नये. जुन्या दारांचा ऑइलपेंट घासणंही टाळावं: घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आली, त्याआधीच्या रंगाच्या धुळीत काय आहे ते नुसतं पाहून कळत नाही. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हे तर गरोदर नसलेल्यांनीही करू नये.

धुराबद्दल पुरावा गुंतागुंतीचा आहे. चुलीच्या धुरात राहणाऱ्या आयांची बाळं हलकी असतात असं जुन्या निरीक्षणांत दिसलं होतं. मग भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या 3,200 गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना गॅस देऊन चाचणी झाली. 2022 मध्ये निकाल आला: धूर बराच कमी झाला, बाळाच्या वजनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. या स्त्रियांना गॅस मिळाला तो नवव्या ते विसाव्या आठवड्याच्या दरम्यान किंवा त्यानंतर. तोवर उशीर झाला असेल का, अशी शंका मला येते, पण तो माझा तर्क आहे, सिद्ध झालेलं नाही. बाईची स्वतःची फुप्फुसं आणि डोळे धुराने खराब होतात, एवढं कारण मला चूल बाजूला ठेवायला पुरतं.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा: हे सगळं करणार कोण? सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा कामावर. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी 299 मिनिटं देत होत्या. पुरुषांपैकी मुळात सव्वीस टक्केच घरकामाला हात लावत होते, आणि तेही 97 मिनिटं. म्हणजे माणसं आहेत, सवय नाही. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असं बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने मांडलं होतं, आणि पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. कारखान्याचा मालक त्या कायद्यात सापडला. घरात मालकच नसतो, त्यामुळे जबाबदारी कुणावर टाकायची हे घरातच ठरवावं लागतं. वाड्यांमध्ये लांबच्या नळावरून मोटरसायकलला कॅन बांधून पाणी आणणारे पुरुष आता दिसतात, म्हणजे ते कामही बाईचंच, हे काही दगडावर कोरलेलं नाही. पहिल्या तपासणीच्या वेळी मी नवऱ्याला आत बोलावते आणि पाणी कोण भरतं, सिलिंडर कोण हलवतो, लाकडं कोण आणतं, हे तीन प्रश्न विचारते. उत्तर केसपेपरवर हिमोग्लोबिनच्या खाली लिहिलं जातं, त्यामुळे पुढच्या महिन्यात तेच पुन्हा विचारता येतं.