रात्री अकराचा सराव

आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरमसाट फी आणि गळ्यातला टाय डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत हाच शब्द सरकारी, मोफत शाळेसाठी वापरतात. गावातली सगळ्यांची मुले जिथे जातात, ती शाळा. मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न शहरात अशी एक शाळा आहे, फोर्डसन हायस्कूल. रमजान जवळ आला की आमच्या घरात तिचे नाव हमखास निघते. ‘रोजा ठेवला तर खेळायला जायचे की नाही?’ हे मुले दरवर्षी विचारतात, आणि या शाळेने त्या प्रश्नाशी रीतसर दोन हात केले आहेत.

फोर्डसन हे पूर्वी एका गावाचे नाव होते. मोटारवाला हेन्री फोर्ड आणि त्याचा मुलगा एडसेल, म्हणजे ‘फोर्ड अँड सन’, यांच्यावरून ते पडले. फोर्डच्या ट्रॅक्टरचेही नाव तेच होते. शाळा 1928 साली उघडली. दगडी बांधकाम, उंच मनोरा, आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च. कामगारांच्या मुलांसाठी त्या काळात एवढा पैसा ओतला गेला हे विशेषच. पुढच्याच वर्षी गाव डिअरबॉर्नमध्ये विलीन झाले आणि गावाचे नाव शाळेपुरते उरले. तिथल्या खेळाडूंना आजही ‘ट्रॅक्टर्स’ म्हणतात. इतर शाळांचे संघ वाघ, गरुड असली नावे घेतात, हे मात्र ट्रॅक्टर! आमच्या गावाकडच्या मंडळींना हे ऐकून फार बरे वाटले.

जवळच फोर्डचा अवाढव्य रूज कारखाना. तिथे काम मिळते म्हणून पोलंड, इटलीचे लोक आले, तसे लेबनॉन आणि येमेनचेही आले. 1975 नंतर लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि दक्षिण लेबनॉनमधली कुटुंबेच्या कुटुंबे इथे येऊन राहिली. शहराने त्यांना हसतमुखाने जवळ केले असे कोणी समजू नये. 1942 ते 1978 एवढा काळ महापौर असलेले ऑर्व्हिल हबर्ड वर्णभेदाचे उघड समर्थक होते. कारखान्याशेजारची अरब कामगारांची वस्ती पाडून तिथे उद्योगांना जागा देण्याचा घाट घातला गेला. रहिवासी कोर्टात गेले, तेव्हा कुठे तो थांबला. 1985 च्या निवडणुकीत तर एका उमेदवाराने ‘अरबांची समस्या’ असे शब्द छापलेले पत्रक घरोघरी वाटले, आणि तोच निवडून आला.

ज्यांना पत्रकात ‘समस्या’ म्हटले होते, त्यांचीच मुले फोर्डसनच्या वर्गात बसत होती आणि संध्याकाळी मैदानात उतरत होती. हळूहळू शाळेत अरब मुलांची संख्या सर्वाधिक झाली. खेळ मात्र तोच राहिला, अमेरिकन फुटबॉल. हा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचे, समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचे. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड गाद्या. हा सगळा जामानिमा चढवून ऑगस्टच्या उन्हात धावायचे.

आणि 2010 साली रमजान ऑगस्टमध्येच आला. त्या दिवसांत मिशिगनमध्ये मगरिब रात्री पावणेनऊच्या सुमारास होते. पंधरा तासांहून मोठा रोजा, पाण्याचा थेंब नाही, आणि शाळेचा मोसम सुरू व्हायचा असल्याने सर्वांत कठीण सराव नेमका तेव्हाच. प्रशिक्षक फौआद झबान स्वतः याच शाळेचे जुने खेळाडू. त्यांनी परवानगी घेऊन सरावाची वेळच उलटी केली: रात्री अकरा ते पहाटे चार. इफ्तार झाली, नमाज झाली, की दिव्यांच्या उजेडात सराव. तो आटोपला की घरी जाऊन सहरी. शाळा सप्टेंबरमध्ये उघडणार होती, म्हणून दिवसा झोपायला सवड होती. संघातली सगळी मुले मुसलमान नव्हती, पण संघ एक म्हणून सराव एकत्रच.

यात सवलत कोणती मागितली होती? धावणे तेवढेच, घाम तेवढाच. बदलले ते फक्त घड्याळ. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजात मुभा आहे, खेळाडू म्हणून वेगळी मुभा नाही. पण म्हणून भर उन्हात कोरड्या घशाने पोराला पळवणे ही काही दीनदारी नव्हे. उष्माघाताने जीव जाऊ शकतो. रात्री सराव ठेवून झबान यांनी रोजाही सांभाळला आणि पोरांचा जीवही.

सामन्यांची वेळ मात्र आपल्या हातात नसते. मोसमातला सामना शुक्रवारी संध्याकाळी सातला सुरू होतो, सूर्य अजून वर असतो. मग मैदानाच्या कडेला खजूर आणि पाणी तयार ठेवायचे आणि खेळता खेळता रोजा सोडायचा. शिकागोचे रशीद गाझी यांनी या संघावर माहितीपट काढला, तो 2011 मध्ये आला. नावातच इमान, रोजा आणि फुटबॉल तिन्ही आहेत. मुलांना घेऊन बघावा असा आहे. एक तक्रार आमच्या लेकीची: यात मैदानावर सगळे मुलगेच! तिचे चूक नाही. डोक्यावर स्कार्फ असलेल्या मुलींना जागतिक फुटबॉल संघटनेने 2014 मध्ये दार उघडले, बास्केटबॉलवाल्यांनी तर 2017 मध्ये. तोवर किती मुलींनी खेळ सोडला असेल?

चंद्राचे वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे मिशिगनच्या पोरांवर ऑगस्टचा रमजान पुन्हा यायला 2040 नंतरचा काळ उजाडेल. महाराष्ट्रात अलीकडे तो दहावी-बारावीच्या परीक्षांत येतो, आणि रात्री जागून अभ्यास, पहाटे सहरी, मग पेपर हे गणित आपल्या अम्मीलोकांना आता पाठ झाले आहे. पण 2030 साली तो दोनदा आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. आपल्या शाळांच्या क्रीडास्पर्धा याच दिवसांत असतात. थंडीतला रोजा लहान, मगरिब सहाच्या सुमारास. कबड्डीचा सामना दुपारी दोनऐवजी सकाळी आठला ठेवता येईल का, एवढेच सरांना विचारायचे आहे. आमच्या धाकट्याने तर आत्ताच सांगून ठेवले आहे, ‘अब्बा, तुम्ही नाही, मीच विचारणार.’