नवीन पनवेल येथील इंग्रजी धुळाक्षरें

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या किंवा मुंबईहून कोंकणांत उतरणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाच्या वाटेंत पनवेल आलें नाहीं, असें सहसा होत नाहीं. परंतु पनवेलास उतरून तें गांव नीट पाहिलें, असे म्हणणारे लोक थोडेच. बहुतेकांच्या लेखीं तें थांबावयाचें ठिकाण, राहावयाचें नव्हे. वस्तुतः गांव मोठें जुनें आहे. येथील नगरपालिका १८५२ सालची. आयुर्वेदीय औषधांचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ सालीं येथेंच निघाला; आणि आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव शिरढोण येथून अगदीं जवळ आहे. जुन्या वाड्यांचे अवशेष, तळीं, देवळें आणि बाजारपेठ हें सर्व रेल्वे स्टेशनाच्या पश्चिमेस. पूर्वेच्या बाजूस उतरलें म्हणजे मात्र आपण दुसऱ्याच पनवेलास आलों कीं काय, असें वाटूं लागतें. हेंच नवीन पनवेल.

सरकारनें १९७० सालीं सिडको हें महामंडळ स्थापिलें आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याचें काम त्याच्याकडे सोपविलें. त्या योजनेंतील हें एक उपनगर. रस्ते आंखलेले, घरांस नांवांऐवजीं सेक्टरांचे आंकडे, मधून मधून बागा व मैदानें. १९९८ सालीं मुंबईची हार्बर लोकल पनवेलापर्यंत आली आणि गिरगांव-दादरच्या चाळींतून, कोंकणांतल्या खेड्यांतून, देशावरून आणि केरळ-गुजराथपासूनही कुटुंबें येथें येऊन राहिलीं. २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यांतील ती पहिलीच. २०२५ सालच्या ऑक्टोबरांत जवळच नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें. इतकें होऊनही पूर्वेकडे प्रबळगड आणि माथेरानची रांग पहिल्यासारखीच उभी आहे; दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका आंगठ्यासारखा वर आलेला दिसतो; आणि डोंगरांतून उतरणारी गाढी नदी पावसाळ्यांत आपलें रूप दाखविल्यावांचून राहत नाहीं. वसाहतीस लागून सुकापूर, विचुंबें, आदई हीं जुनीं गांवें आहेत. त्यांच्या भातखाचरांच्या जागीं आतां बहुतेक इमारती उठल्या आहेत.

अशा नव्या वसाहतींतून हिंडतांना आमचें लक्ष वेधलें तें पाट्यांनीं. डॉक्टरांच्या व वकिलांच्या पाट्या सर्वत्रच असतात. परंतु येथें दर दोनचार इमारतींआड लहान मुलांच्या शिकवणीची पाटी. त्यांतही ‘फोनिक्स’ हा शब्द पुनः पुनः आढळला. हा ग्रीक पुराणांतील, राखेंतून उठणारा पक्षी नव्हे, हें सांगावयास हवें. कारण देवनागरींत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच दिसतात. ‘फोनिक्स’ म्हणजे अक्षराच्या नांवाऐवजीं त्याचा ध्वनि शिकवून वाचन सुरू करण्याची रीत. तिच्याच जोडीला ‘ज्याच्या त्याच्या गतीनें’ शिकविण्याचें आश्वासनही पाट्यांवर होतें. कुतूहल वाटून आम्ही अशा एका घरगुती वर्गांत दोन संध्याकाळीं जाऊन बसलों.

तळमजल्यावरची बैठकीची खोली. बुटकीं टेबलें, भिंतीस फळा, आणि पांच वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतचीं दहाबारा मुलें. पहिल्यानें जाणवलें तें हें कीं, येथें इयत्ता नाहीं. प्रत्येक मूल येतें, आपल्या नांवाची पिशवी घेतें, तींतला त्या दिवसाचा कागद काढतें आणि कामास लागतें. कागद बिनचूक झाला तर पुढचा. चुका राहिल्या तर तोच पाठ पुन्हा, दुसऱ्या शब्दांनिशीं. बाई एकेकास जवळ बोलावून दोन मिनिटें वाचून घेतात. एका टेबलाशीं पांच वर्षांचा मुलगा आणि जवळच्या गांवांतून येणारी, मराठी शाळेंत पांचवींत असलेली मुलगी शेजारीं शेजारीं बसलीं होतीं. दोघांपुढें आरंभाचेच कागद. शाळेच्या वर्गांत त्या मुलीस इंग्रजी वाचावयास उभें केलें असतें, तर तिनें मान खालीं घातली असती. येथें तिच्याकडे कोणी पाहतही नव्हतें, कारण जो तो आपल्या कागदांत गुंतलेला. मागें राहिलेल्या मुलाची लाज जाणें, हा आमच्या मतें ह्या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय.

आतां शिकविण्याची रीत. आपल्यापैकीं बहुतेकांनीं इंग्रजी शिकतांना प्रथम सव्वीस अक्षरांचीं नांवें घोकलीं आणि मग ‘सी ए टी कॅट’ असें म्हटलें. पण सी, ए आणि टी हीं नांवें कितीही भराभर म्हटलीं, तरी त्यांतून ‘कॅट’ कसा निघावा? ‘एच्’ ह्या नांवांत ‘ह’ कोठेंच नाहीं, आणि ‘डब्ल्यू’ ह्या नांवांत ‘व’ शोधूनही सांपडत नाहीं. ध्वनिपद्धतींत नांवें मागाहून येतात. आरंभीं सहाच ध्वनि शिकवितात: स्, ॲ, ट्, इ, प्, न्. हा क्रम इंग्लंडांत १९९२ सालीं निघालेल्या ‘जॉली फोनिक्स’ ह्या पाठमालेनें रूढ केला. ह्याच सहांची निवड कां, हें मुलांच्या कागदांवरून तत्काळ कळलें. तेवढ्याच भांडवलावर पिन्, टिन्, टॅप्, नॅप्, सॅट्, स्पिन् असे कितीतरी शब्द बनतात. पहिल्याच आठवड्यांत मूल स्वतःच्या बळावर शब्द वाचतें. पुढें पायरीपायरीनें सुमारें चव्वेचाळीस ध्वनि येतात, कारण इंग्रजीचीं अक्षरें सव्वीस असलीं तरी ध्वनि तितके आहेत. ‘टॅप्’च्या शेवटीं एक मुकें ‘ई’ लागलें कीं ‘टेप्’ होतो, असे नियमही मुलें खेळाखेळांत शिकतात. जे शब्द नियमास जुमानीत नाहींत, ते निराळ्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर लिहून पाठ करावयाचे. बाई त्यांस ‘खोडकर शब्द’ म्हणतात.

मराठी मुलाच्या दृष्टीनें ह्यांत सोय आहे आणि अडचणही आहे. सोय अशी कीं, अक्षर म्हणजे ध्वनि हें तत्त्व त्याच्या रक्तांतलेंच आहे. ‘कमळ’ वाचतांना तें क, म, ळ असेंच म्हणतें. नांव एक आणि उच्चार दुसरा, हा प्रकार त्याला ठाऊक नाहीं. ‘व’ आणि ‘व्ह’ असा भेद आपण ‘वॉच’ आणि ‘व्हॅन’ लिहितांना करतोंच. एका अक्षराचे दोन उच्चार असतात हेंही नवें नाहीं, कारण ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द आपण एकाच अक्षरांनीं लिहितों आणि निरनिराळे उच्चारतों. अडचण अशी कीं, आपल्या व्यंजनाच्या पोटांत ‘अ’ दडलेला असतो. मूल ‘स्’ न म्हणतां ‘स’ म्हणतें, आणि मग ध्वनि जोडतां जोडतां ‘सॅट्’चा भलताच शब्द होतो. ह्यावर बाईंनीं काढलेली युक्ति आम्हांस फार आवडली. त्या म्हणतात, “अक्षराचा पाय मोडा, मग बोला.” मराठी शाळेंतल्या पाय मोडण्यानें इंग्रजी वाचनाची गांठ सुटते! दुसरी अडचण ‘पेन्’ आणि ‘पॅन्’, ‘कोट्’ आणि ‘कॉट्’ ह्यांतील भेदाची. तो कानानेंच पकडावा लागतो, आणि म्हणून शिकविणाराचा उच्चार स्वच्छ नसेल तर सगळा डोलारा कोसळतो.

ज्याच्या त्याच्या गतीनें शिकविण्याची कल्पना पाश्चात्त्य किंवा जपानी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. अशा वर्गांपैकीं जगभर पसरलेली एक पद्धति जपानांतून आली, हें खरें. १९५४ सालीं तोरू कुमोन ह्या गणितशिक्षकानें दुसरींत शिकणाऱ्या आपल्या मुलासाठीं रोज थोडीं थोडीं उदाहरणें कागदावर लिहून देण्यास आरंभ केला. तींतून ‘कुमोन’ पद्धति निघाली आणि पुढें ती भाषेसही लागू झाली. परंतु आपल्या गांवठी पंतोजींच्या शाळेंत तरी इयत्ता कोठें होत्या? कोणी धूळपाटीवर अक्षर गिरवीत आहे, कोणी पाढे म्हणत आहे, कोणी मोडींत पत्र लिहीत आहे, आणि थोरला मुलगा धाकट्यास शिकवीत आहे, असाच तो देखावा असे. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवरील अँड्र्यू बेल ह्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडील मुलांना वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलें, ती रीत आपल्या शाळेंत घेतली आणि १७९७ सालीं त्यावर पुस्तक लिहून ती विलायतेस पोंचविली. पुढें इयत्ता, तास आणि परीक्षा ह्यांचें यंत्र तिकडूनच आपल्याकडे आलें. ह्या यंत्राविरुद्ध मादाम मॉन्टेसोरींच्या विचारांवर बालशिक्षण उभें करणाऱ्या ताराबाई मोडक आणि कोसबाडच्या अनुताई वाघ ह्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. नवीन पनवेलच्या खोलींतला तो देखावा ह्या दोन्ही परंपरांचा वारस आहे. धूळपाटी गेली, कागद आला, एवढेंच.

ध्वनिपद्धतीच्या बाजूनें परदेशांतील अनुभवही आहे. अमेरिकेंत तज्ज्ञांच्या समितीनें २००० सालच्या आपल्या अहवालांत पद्धतशीर ध्वनिपाठांनीं वाचन सुधारतें, असा निर्वाळा दिला. इंग्लंडांत २००६ सालीं जिम रोज ह्यांच्या अहवालानें तेंच सांगितलें, आणि २०१२ पासून तेथें सहा वर्षांच्या मुलांची ध्वनिवाचनाची चाचणी सुरू झाली. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. तेथील बहुतेक मुलांस इंग्रजी बोलतां येतच असतें. ‘नॅप्’ असें वाचलें कीं त्यांस डुलकी आठवते. आमच्यापुढच्या एका चुणचुणीत मुलानें पानभर शब्द धडाधड वाचले. त्यांतल्या एका शब्दाचा अर्थ आम्हीं विचारला, तर तो हंसून बाईंकडे पाहूं लागला. अर्थावांचून वाचन म्हणजे संध्येंतले मंत्र म्हणण्यासारखेंच. ज्याला इंग्रजी परकी आहे, त्याच्यासाठीं ध्वनि हा दरवाजा आहे, घर नव्हे. त्यानें रोज ऐकलें पाहिजे, बोललें पाहिजे. प्रत्येक मूल आपापल्या कागदांत मान घालून बसलें, तर बोलावयाचें कोणाशीं? ह्या वर्गांतील बाईंना ती जाणीव आहे. शेवटचीं पंधरा मिनिटें त्या सर्वांस एकत्र बसवून चित्रांवरून बोलतें करतात. जेथें तेवढेंही होत नाहीं, तेथें पालकांनीं सावध असावें.

दुसरा धोका आमच्याच घरांतून येतो. ज्याच्या त्याच्या गतीनें चालावयाचें असतां बाहेर बांकावर बसलेल्या आयांचें बोलणें चाललें होतें तें असें: “तुमचा कितव्या पायरीवर?” म्हणजे वर्गांतून घालविलेली शर्यत दारांतून परत आलीच. तिसरा प्रश्न पैशाचा. महाराष्ट्र सरकारनें २००० सालीं पहिलीपासून इंग्रजी सुरू केलें तें खेड्यांतल्या मुलासही ती भाषा मिळावी म्हणून. परंतु चांगले ध्वनिपाठ जर फी देणाऱ्यांनाच मिळावयाचे, तर इंग्रजीच्या आरंभींच दोन जाती पडतील. ती पांचवींतली मुलगी वर्गाची अर्धीच फी देते, असें बाईंनीं सांगितलें. एका बाईंच्या उदारपणावर हा प्रश्न सुटावयाचा नाहीं. ही रीत सरकारी शाळांच्या शिक्षकांच्या हातीं गेली पाहिजे. तिला यंत्रें लागत नाहींत. थोड्या चिठ्ठ्या, स्वच्छ उच्चार आणि धीर एवढेंच लागतें.

आणि शेवटचा प्रश्न एकत्र कुटुंबांचा. दुसऱ्या संध्याकाळीं एक आजी नातवास न्यावयास आल्या. त्यांनीं बाईंना विचारलें, “अहो बाई, ह्याला इंग्रजी वाचतां येऊं लागलें, फार छान झालें. पण माझी पोथी ह्याला वाचतां येत नाहीं. त्याचे कागद आहेत का हो तुमच्याकडे?” बाई निरुत्तर झाल्या. आम्हीही झालों. ज्या भाषेस आपण वाघिणीचें दूध म्हटलें, तें मुलांना जरूर पाजावें; पण आईच्या दुधाचे दिवस त्यासाठीं कमी करूं नयेत. ज्या मुलास मराठीचे ध्वनि पक्के, त्याला इंग्रजीचे लवकर येतात, हें तर त्या खोलींतच आमच्या डोळ्यांपुढें घडत होतें.

तेव्हां आमच्या वाचकांस सुचवावयाचें तें इतकेंच. मुलास अशा वर्गांत घालण्यापूर्वीं स्वतः एक तास तेथें बसून पाहावें; बाईंचा उच्चार ऐकावा; मुलें बोलतात कीं नुसतीं लिहितात, हें पाहावें; आणि शेजारच्या मुलाची पायरी विचारूं नये. घरीं रोज दहा मिनिटें त्याच्याकडून इंग्रजी वाचून घ्यावें, आणि लगेच दहा मिनिटें मराठी. ह्या दुसऱ्या दहा मिनिटांस फी पडत नाहीं, पाटी लावावी लागत नाहीं, आणि शिकविणारीं माणसें तर घरांतच, आजी-आजोबांच्या रूपानें, वाट पाहत बसलेलीं असतात.