पान की कांदा

बागाईतीवरील विलायती पुस्तके चाळण्याचा मला एक निरुपद्रवी छंद आहे. त्यांत वर्णिलेली बहुतेक झाडे आमच्या ब्रह्मपुरीस कधी रुजावयाची नाहीत, हे पुरते ठाऊक असूनही मी ती वाचतो. रुबार्ब हे त्यांपैकीच एक. त्याच्या एका भाऊबंदाचे मूळ आपल्या वैद्यहकिमांना रेवंदचिनी या नावाने रेचक म्हणून परिचित आहे. परंतु तिकडील लोक रुबार्बाचे आंबट, तांबूस देठ साखरेत शिजवून फळासारखे खातात. या झाडाला हिवाळ्याची कडक थंडी लागते आणि येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. तेव्हा वैनगंगेच्या काठी रुबार्ब लावणे म्हणजे मेणाची बाहुली उन्हात वाळत घालण्यासारखे होईल.

तथापि, ते केव्हा व कसे काढावे याविषयीचे नियम वाचताना कोणी घरचेच माणूस बोलत आहे असे मला वाटले. लागवडीच्या पहिल्या वर्षी एकही देठ घेऊ नये. पुढेही एका वेळी निम्म्याहून अधिक देठ काढू नयेत. सुरी न लावता देठ बुडाशी धरावा आणि किंचित पिळून ओढावा. जून सरला की हात आवरावा, म्हणजे उरलेली पाने मुळात पुढील वर्षाची शिदोरी भरतात. पाने मात्र कदापि खाऊ नयेत. पहिल्या महायुद्धात भाजीपाल्याची टंचाई पडली तेव्हा इंग्लंडात ही पाने भाजी म्हणून खाण्याचा सल्ला देण्यात आला होता, आणि ती खाऊन माणसांना विषबाधा झाली. भुकेच्या दिवसांत शहाणी माणसेही काय सांगतील याचा नेम नाही!

आमच्या घरी अशीच शिस्त धोप्याला लागू होती. पुण्यामुंबईकडे ज्याला अळू म्हणतात तो आमचा धोपा. त्याचे आणि रुबार्बाचे कूळ निराळे. पण दोहोंच्या अंगी आम्ल तेच. रुबार्बाच्या पानांत ते मोकळे असते, तर धोप्यात चुन्याशी बांधले जाऊन त्याचे सुयांसारखे स्फटिक बनतात. घशाला खाज सुटते ती त्या सुया टोचल्यामुळे. म्हणून धोपा पुष्कळ वेळ शिजवावयाचा आणि त्यात चिंच घालावयाची. हिरव्या देठापेक्षा काळ्या देठाचा धोपा कमी खाजतो, अशी आईची श्रद्धा होती. तिने दुसरा कधी लावलाच नाही.

न्हाणीचे पाणी वाडीत जेथे मुरते तेथे तिची चाळीसेक रोपे असत. मृगाचा पाऊस पडला की कांदे मातीत जात आणि श्रावण उजाडेपर्यंत पाने हाताच्या वितीहून मोठी होत. आई सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, विळा घेऊन जाई. कपड्यावर पडलेला धोप्याचा चीक कधी निघत नाही, म्हणून तेवढ्यापुरते एक जुनेर खुंटीला असे. वडीसाठी पूर्ण उघडलेले, परंतु अजून लवचीक असे बाहेरचे पान घ्यावयाचे. पातळ भाजीसाठी त्याहून कोवळे, आणि त्याचे देठ सोलून तेही भाजीत. मधली सुरळी आणि तिच्या शेजारची दोन उघडी पाने यांना मात्र विळा लावावयाचा नाही. पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. ते मोडले तर खालचा कांदा उपाशी राहतो. पान हवे की कांदा, हा प्रश्न धोपा लावणाऱ्याला दर वर्षी पडतो, आणि दोन्ही भरपूर मागणाऱ्याला दोन्ही बेताचीच मिळतात.

आईने हा प्रश्न पंचांगावर सोपविला होता. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नसते. हाताने खणलेल्या वाडीतील धोपा त्या दिवशी पानात हवाच. त्यानंतर पाने तोडणे बंद. मग आश्विन-कार्तिकात पाने पिवळी पडून लवंडली की कांदे खणावयाचे; मूळकांदा आणि मोठे उपकांदे घरात, मध्यम व निरोगी उपकांदे बियाण्यासाठी माळ्यावर भाताच्या तणसात. शेजारणी पंचमीनंतर पाने मागावयास येत व रिकाम्या हाताने जात. आईला त्या चिक्कू म्हणत, हेही तिला ठाऊक होते.

२०२० साली ऋषिपंचमी २३ ऑगस्टला झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्यात गेली. काठावरच्या एका गावाहून मावशी, काका व त्यांची दोन मुले आमच्याकडे आली. त्यांच्या बांध्यांतील धान गाळाखाली गेले होते. ती वीस दिवस राहिली. बाजारात भाजी मिळणे कठीण झाले होते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरचे जुनेर उतरलेले मी पाहिले.

त्यानंतर दिवसाआड धोपा शिजला. प्रथम बाहेरची पाने गेली, मग राखलेली दोन, आणि शेवटी सुरळ्याही. मावशी एकदा म्हणाली, “बाई, कांद्याचे काय होईल?” मी अंगणात उभा राहून उरलेली रोपे मोजीत होतो. आई मला म्हणाली, “मोजू नको.” व्यवहाराच्या दृष्टीने तिचा हिशेब तोट्याचा होता, असे मी आजही म्हणेन. परंतु तो नियम त्या वीस दिवसांत पाळला गेला असता, तर त्या घरात माझ्या घशाखाली घास उतरला नसता. आणि ती टोचणी धोप्याची नसती.

कार्तिकात आम्ही वाफा खणला. एरवी दोन टोपल्या भरत. त्या वर्षी एक सूपही भरले नाही, आणि कांदे सुपारीएवढे. आईने त्यांतला एकही चुलीवर चढू दिला नाही. मावशीच्या वाडीतले बियाणे गाळात कुजले होते, म्हणून निम्मे कांदे फडक्यात बांधून तिच्याकडे पाठविले आणि निम्मे तणसात ठेवले.

पुढच्या मृगात लावलेली रोपे अंगाने बारीकच आली. २०२१ ची ऋषिपंचमी ११ सप्टेंबरला होती. आईने पाच रोपांचे एकेक बाहेरचे पान घेतले, भाजीत ते नावापुरते घातले आणि विळा धुऊन कोनाड्यात ठेवला. दुपारी मावशीचा फोन आला. तिच्याकडे तीन पाने निघाली होती.