पाठीला डोळे

गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर एक अफवा पसरली होती. रूम नंबर 27 मधल्या पोरांनी म्हणे रेक्टर सर येताना ओळखणारं यंत्र बनवलंय! ज्युनिअर पोरं यंत्र बघायला यायला लागली. अफवा निम्मी खरी होती. यंत्र आम्ही बनवत होतो, पण सरांसाठी नव्हे, सायकलीसाठी. मागून येणारी गाडी सायकलवाल्याला आधीच कळावी, असं रडार. बी. ई. चा प्रोजेक्ट.

रडार म्हटलं की डोळ्यांसमोर विमानतळावरची फिरणारी मोठी थाळी येते. आमचं रडार काडेपेटीपेक्षा थोडं मोठं होतं. एचबी-100 नावाचं मॉड्यूल. दुकानांचे दरवाजे आपोआप उघडतात त्यात वापरतात तसलं, चारपाचशे रुपयांच्या आतलं. ते 10.525 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि समोरची वस्तू हलत असेल तर परत आलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी किंचित बदललेली असते. तोच तो बारावीतला डॉप्लर परिणाम, रेल्वेच्या शिट्टीचा. क्रिस्टियान डॉप्लरने तो 1842 साली मांडला आणि आपण अजून त्याच्यावर चार मार्कांची गणितं सोडवतो. आमच्या मॉड्यूलचा हिशोब सोपा. वस्तूचा वेग ताशी 1 किमी असेल तर सुमारे 19.5 हर्ट्झ. म्हणजे ताशी 5 किमीने चालत येणारे रेक्टर सर साधारण 97 हर्ट्झ. हा कानाला ऐकू येणारा सूर असतो, म्हणून आम्ही अॅम्प्लिफायर लावून कॉम्प्युटरचा जुना स्पीकर जोडला आणि मॉड्यूल व्हरांड्याकडे तोंड करून ठेवलं. कुणी चाललं की घूंऽऽ असा आवाज. पाटल्या (माझा रूम पार्टनर) म्हणाला, "भावा, नोबेल नाही तर निदान पेटंट तरी!"

पण त्या रात्री घूंऽऽ थांबेचना. दार उघडून बघितलं, व्हरांड्यात कुणी नाही. दोन दिवस सर्किट खोलून-जोडून झाल्यावर कळलं, की दोष व्हरांड्यातल्या जुन्या ट्यूबलाइटचा आहे. 50 हर्ट्झच्या विजेवर ट्यूबमधला वायू सेकंदाला 100 वेळा उजळतो-मंदावतो आणि रडारला तो 100 हर्ट्झ दिसतो. म्हणजे आमच्या यंत्राच्या मते रेक्टर सर रात्रभर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. शेवटी आम्ही 100 हर्ट्झ गाळून टाकले. झालं! आता ट्यूब गेली आणि तिच्याबरोबर सरही गेले. तिसऱ्या रात्री दीड वाजता मान वर करून बघतो तर सर दारात उभे. किती वेळ उभे होते देव जाणे. स्थिर उभ्या माणसाचा वेग शून्य, डॉप्लर शून्य. रडारच्या लेखी सर दारात नव्हतेच.

सर म्हणाले, "प्रोजेक्ट करा, पण दिवा तेवढा लवकर घालवत जा."

असो. हसण्यावारी नेलं तरी हा प्रोजेक्ट आम्ही का घेतला ते सांगायला हवं. पाटल्याला माहीत होतं, गाइड मॅडमना माहीत होतं, बाकी कुणाला मी सांगितलं नव्हतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. कारखाना गावापासून सहा किलोमीटर. जायला-यायला सायकल. जानेवारी 2023 मध्ये, मी एफ. ई. ला असताना, चार ते बाराची पाळी करून ते घरी येत होते. मागून आलेल्या टेम्पोने हँडलला धडक दिली. अण्णा साइडपट्टीवर फेकले गेले. मांडीचं हाड आणि खुब्याला मार. पायात रॉड घातला. तीन महिने खाटेवर. हंगामी माणसाचा हंगाम बुडाला म्हणजे घरातल्या वर्षाच्या गणिताचं काय होतं, हे इथे हॉस्टेलमध्ये अनेकांना सांगावं लागणार नाही.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न, "गाडीचा नंबर?" अण्णा म्हणाले, "जाताना दोन तांबडे दिवे दिसले." तेवढ्यावर काय होणार? प्रकरण तिथेच संपलं. धडक देऊन पळून गेलेली गाडी सापडली नाही तरी गंभीर जखमीला सरकारकडून 50,000 रुपये आणि मृत्यू झाल्यास घरच्यांना 2 लाख रुपये भरपाई मिळण्याची योजना 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. चौकशी प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायची असते. हा लेख वाचून बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा. कुणावर वेळ येऊ नये, पण येते.

म्हणून मला त्या वेळी दोनच गोष्टी सुचत होत्या. एक, मागचं दिसायला हवं होतं. दोन, नंबर टिपायला हवा होता. म्हणजे रडार आणि कॅमेरा.

थर्ड इयरला नेटवर शोधलं तर हे सगळं जगात आधीच झालेलं! दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश गावच्या आयकुबू नावाच्या छोट्या कंपनीने सायकलीचं रडार तयार केलं होतं. 2015 मध्ये गार्मिनने ती कंपनी विकत घेतली आणि व्हारिया या नावाने ते बाजारात आणलं. सीटखाली बसणारा मागचा लाल दिवा आणि त्यातच रडार. 140 मीटरवरची गाडी पकडतं आणि हँडलवरच्या स्क्रीनवर ठिपका दाखवतं. 2022 मध्ये त्यातच कॅमेरा असलेलं मॉडेलही आलं. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या सायक्लिक कंपनीने मागचा दिवा आणि कॅमेरा एकाच डबीत बसवला होता. इंग्लंडमध्ये तर सायकलवाल्यांनी दिलेलं चित्रण पोलीस स्वीकारतात आणि त्यावरून कारवाई करतात. तिथल्या हायवे कोडमध्ये 2022 पासून लिहिलंय, की सायकलला ओलांडताना ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगात किमान दीड मीटर अंतर ठेवावं. आपल्याकडे दीड मीटर म्हणजे अख्खी मोटारसायकल घालायची जागा!

किंमत बघून लॅपटॉप मिटला. आमच्या चौघांचं महिन्याचं मेस बिल एकत्र केलं तरी त्याहून जास्त. अण्णांच्या सायकलीची किंमत तर विचारूच नका. मग ठरलं, आपणच करायचं.

हॉस्टेलमध्ये चाललेलं यंत्र रस्त्यावर आलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. पहिली अडचण, सायकल स्वतःच चालते. रडारचं तोंड मागे असल्यामुळे झाडं, खांब, मैलाचे दगड सगळे मागे मागे पळताना दिसतात आणि आमच्या साध्या मॉड्यूलला वस्तू येतेय की जातेय हेच कळत नाही. ताशी 12 किमीने सायकल चालवली की रस्त्याकडेची प्रत्येक बाभूळ 234 हर्ट्झची गाडी! उपाय म्हणून 300 हर्ट्झच्या खालचं सगळं गाळलं. बाभळी गेल्या. पण ताशी 25 किमीने येणारा उसाचा ट्रॅक्टर सायकलच्या तुलनेत फक्त 13 ने जवळ येतो, म्हणजे 253 हर्ट्झ. बाभळींबरोबर ट्रॅक्टरही गेला. आमच्या भागात रात्री रस्त्यावर जास्तीत जास्त काय असतं? ट्रॅक्टर. दोन आउटपुट असलेलं मॉड्यूल घेतलं तर त्यांच्यातल्या फेजच्या फरकावरून येणारं-जाणारं ओळखता येतं. मॅडमनी ते सुचवलं आणि आम्ही पुढे ते केलंही. पण त्यात दीड महिना गेला.

दुसरी अडचण अंतराची. आमचं रडार कसंबसं 25 मीटरवरची गाडी पकडायचं. अण्णांची सायकल 12 ने, मागचा टेम्पो 60 ने. जवळ येण्याचा वेग 48, म्हणजे सेकंदाला 13 मीटरच्या वर. विकतचं 140 मीटरचं रडार दहा सेकंद आधी सांगेल. आमचं दोन सेकंदही नाही.

कॅमेऱ्याचं तर बोलायलाच नको. ईएसपी-32 चा स्वस्त कॅमेरा लावला. दिवसा बरा. रात्री मागच्या गाडीचे हेडलाइट पडले की चित्रात पांढरा गोळा, आणि त्या गोळ्यात कुठेतरी नंबरप्लेट. शिवाय कॅमेरा धडक टिपतो, थांबवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत यंत्र घरी घेऊन गेलो. पीव्हीसीच्या बॉक्सात बसवलेलं, हँडलला बझर. अण्णांनी जेवणाचा स्टीलचा डबा नेहमीप्रमाणे कॅरिअरला मागे लटकवला आणि रडार आंधळं झालं! स्टीलमधून लहरी जातात कुठे? बॉक्स खाली मडगार्डला बांधला. अण्णा रस्त्यावर एक फेरी मारून आले. मागून मोटारसायकल गेली, जीप गेली, दोन्ही वेळा बझर वाजला. माझी छाती फुगली. अण्णा उतरले, स्टँड लावला आणि म्हणाले, "चांगलं केलंयस. पर मला एक सांग. मागनं गाडी येतीय ह्ये मला ऐकू येतंय की रं. त्या रातीबी ऐकू आलं हुतं. कळून करू काय? डाव्या अंगाला साइडपट्टीचा खड्डा, उजव्या अंगाला गाडी. ह्ये तुझं यंत्र ज्याला सांगायला पायजे, त्याला सांगतंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं मी मनात धरून बसलो होतो, की अण्णांना टेम्पो कळला नाही. त्यांना कळला होता. टेम्पोवाल्याला अण्णा कळले नव्हते. अण्णांच्या सायकलीला मागे दिवा नव्हता, आणि रिफ्लेक्टर कधीच फुटून गेला होता.

सुट्टीवरून आल्यावर पाटल्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लेका, आपला ब्लॉक डायग्रामच चुकलाय. सेन्सर बरोबर आहे, आउटपुट उलट्या बाजूला पाहिजे." बझर काढला. त्याच्या जागी मागे एक लाल एलईडी दिवा. एरवी मंद जळतो, त्यामुळे बॅटरी पुरते. गाडी जवळ येऊ लागली की रडार त्याला एकदम प्रखर करून लुकलुकवतं. विकतच्या रडारचा दिवाही असंच करतो. आम्ही माहितीपत्रकातली ती ओळ वाचली होती आणि किरकोळ सोय म्हणून सोडून दिली होती! बॉक्सभोवती लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवली. या पट्टीला ना बॅटरी लागते, ना प्रोग्रॅम. जिकडून उजेड येतो तिकडेच परत पाठवते.

डिसेंबरमध्ये दुसरं यंत्र घेऊन गेलो. अण्णांची परत चार ते बारा. मी शेजाऱ्यांची सायकल घेऊन त्यांना आणायला गेलो आणि मुद्दाम पन्नास पावलं मागे राहिलो. माझ्या मागून एक जीप आली तसा पुढे अण्णांचा दिवा भडकला. जीप जरा आवरली, उजवीकडे सरकली आणि त्यांना लांबून ओलांडून गेली. एवढंच. पण मला ते बघायला मिळालं.

पुढे कॅनॉलच्या वळणाआधी अण्णांनी एकाएकी ब्रेक दाबले. मी जवळ आलो तर म्हणाले, "रस्त्यावर ऊस पडलाय बघ. पुढं ट्रॉली हाय." खरंच वळणावर उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. टायर फुटलेला, ट्रॅक्टर सोडून नेलेला, मागे चार दगड लावलेले. दिवा नाही, पट्टी नाही. आमचं रडार मागे तोंड करून गप्प बसलं होतं. पुढे तोंड असतं तरी त्याला ती ट्रॉली बाभळीपेक्षा वेगळी दिसली नसती. मला रात्री दीडला दारात उभे असलेले रेक्टर सर आठवले. पण या वेळी हसू आलं नाही.

अण्णांनी विचारलं, "त्या बॉक्सला लावलेली चमकती पट्टी उरलीय का?"

पंचेचाळीस मीटरचा रोल होता, अर्धा मीटर वापरला होता. रोल त्यांच्याकडे दिला. ते पाळीला जाताना यार्डात वजनाला थांबलेल्या ट्रॉल्यांना मागून हातभर हातभर पट्टी चिकटवतात. ड्रायव्हर लोक पहिल्यांदा हसले, आता स्वतःच मागतात, असं आई फोनवर सांगत होती.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "हे तर बाजारात मिळतं. यात नवीन काय?" पाटल्याने फेज, फिल्टर वगैरे सांगितलं. मी सांगितलं, "सर, आधी आम्ही हे सायकलवाल्याला सांगत होतो. आता मागच्याला सांगतो." सरांनी रिपोर्ट मिटला. मार्क किती पडले ते विचारू नका.

परवा हॉस्टेलच्या स्टँडवर मोजल्या. 34 सायकली, त्यातल्या 9 ना मागे धड रिफ्लेक्टर आहे. दिवा एकीलाही नाही. रात्री चहाला हायवेपर्यंत जाणारे आपणच! अण्णांना न्यायला म्हणून नवीन रोल आणलाय, त्यातली पट्टी रूम नंबर 27 मध्ये आहे. कधीही या, फुकट चिकटवून देऊ. फक्त येताना जरा पाय वाजवत या. दारात नुसतं उभं राहिलेलं आम्हाला अजून कळत नाही.

— अंतिम वर्ष, ई अँड टीसी